पाटी लंडनला, गर्दी चांद्याला

गडचिरोलीहून चंद्रपूरला निघालेली एसटी वैनगंगेचा पूल ओलांडते आणि जिल्हा बदलतो. ऑगस्ट १९८२ पर्यंत तो बदलत नव्हता. पार सिरोंचा-भामरागडपर्यंतचा मुलूख एकाच चांदा, म्हणजे चंद्रपूर, जिल्ह्यात मोडायचा. जुनी माणसं अजूनही ‘चांद्याला जाऊन येतो’ असंच म्हणतात. खिडकीबाहेर धानाच्या बांध्या, मध्येच मोहाचं एखादं झाड, आणि थांब्यावर डब्बा-पिशव्या सांभाळत चढणाऱ्या बाया.

सावलीला गाडी पाचेक मिनिटं थांबते. १९३६ साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन या गावात भरलं आणि गांधीजी इथे येऊन राहिले. इथल्या खादीचं तेव्हा नाव होतं. याच सावलीचे आमदार मारोतराव कन्नमवार नोव्हेंबर १९६२ मध्ये राज्याचे दुसरे मुख्यमंत्री झाले आणि जेमतेम वर्षभरात, पदावर असतानाच गेले. मुंबईत विक्रोळीच्या कन्नमवारनगरात हजारो बिऱ्हाडं राहतात. हे कन्नमवार कुठले, असं तिथल्या कुणाला विचारलं तर किती जण सावली-मूलचं नाव घेतील, मला शंका आहे.

मूल मागे पडलं की शेतं आटतात, चिचपल्ली-लोहाऱ्याचं जंगल सुरू होतं, आणि ते संपतं न संपतं तोच चंद्रपूरचा कोळसा नाकाला जाणवायला लागतो. जटपुरा गेटच्या कमानीतून रिक्षा, ट्रॅक्टर, शाळेच्या व्हॅन एकमेकांना खेटून आत शिरतात. गोंड राजांनी शहराभोवती बांधलेला हा परकोट अजून शाबूत आहे, रहदारीचा जाच सोसत. आतल्या कारागृहाच्या आवारात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव शेडमाके यांना फाशी दिलं गेलं. मोलमपल्लीचा हा तरुण जमीनदार १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला, तेव्हा पंचविशीतला होता. इथला ऑक्टोबर तसा जडच.

मी आलो होतो ते मात्र १६ ऑक्टोबरच्या जागेसाठी.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दिली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दोन दिवसांनी ते मोटारीने चांद्याला आले आणि इथेही त्यांनी स्वतः दीक्षा दिली, हे विदर्भाबाहेर फारसं कुणाच्या लक्षात नसतं. तब्येत पार ढासळलेली होती. तरी त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा, सगळं झालं. समोर माणसांचा समुद्र. हा कार्यक्रम चांद्याला व्हावा म्हणून धडपडले ते इथलेच बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे, पुढे राज्यसभेचे उपसभापती झालेले. त्या संध्याकाळनंतर एक्कावन्न दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले.

इथल्या दीक्षाभूमीच्या आवारात उभं राहिलं की मला लंडनचं किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर आठवतं. भिंतीवर निळी गोल पाटी: आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहत होते. लंडनला ही पाट्यांची चाल १८६० च्या दशकापासूनची, आणि आहे मोठी शिस्तीची. घर, नाव, ओळख, साल, बस्स. पण त्या पाटीत काय मावलं नाही, तेही पाहा. लंडनच्या त्या दिवसांत हा विद्यार्थी दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसायचा आणि रात्री भूक आवरेना तेव्हा पत्र्याच्या तुकड्यावर पापड भाजून खायचा. ओळखीच्या माणसाने दिलेले पापड! भाड्याच्या खोलीतले ते दिवस पाटीच्या लेखी ‘वास्तव्य’. चांद्यात त्यांचं घर नव्हतं, बिऱ्हाडही नव्हतं. पाटी लावायच्या नियमात ही जागा बसलीच नसती. आणि मला विचाराल तर दोन्हींत वजनदार जागा हीच.

फाटकाजवळ एक पुस्तकवाले काका बसले होते. समोरच्या ताडपत्रीवर बावीस प्रतिज्ञांचे तक्ते, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’, पंचशील ध्वज, पोरांसाठी निळ्या रिबिनी. मी तक्ता घेतला, गप्पा सुरू झाल्या.

‘‘आमचे बाबा आले होते जी त्या दिवशी,’’ ते म्हणाले. ‘‘सावलीकडून, पायी. घरी गेल्यावर देव्हारा उचलला म्हणे.’’ मग त्यांनीच विचारलं, ‘‘लंडनचं ते घर आता आपलंच ना जी?’’

म्हटलं, हो. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं, त्याच नोव्हेंबरात पंतप्रधानांनी उद्घाटनही केलं. पण घराचं स्मारक केलं म्हणून शेजाऱ्यांनी तक्रार केली. लोक गाड्या भरभरून येतात, गलका होतो, शांतता जाते. तिथल्या कॅम्डेन कौन्सिलने परवानगी नाकारली, आणि २०२० च्या मार्चमध्ये थेट ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यानेच ती दिली, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

काकांनी सुटे पैसे मोजता मोजता मान वर केली. दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला इथे पाय ठेवायला जागा नसते; एसटी जादा गाड्या सोडते, शाळांच्या व्हरांड्यात माणसं झोपतात, रात्रभर भीमगीतं चालतात.

‘‘गलका?’’ ते हसत म्हणाले. ‘‘त्या शेजाऱ्यांना सोळा तारखेला इकडे या म्हणा जी. जेवायची सोय आमच्याकडे.’’