दिवसाची ड्यूटी, रात्रीची दहावी

मुंबईच्या रात्रशाळेत अभ्यासाआधी भूक हजेरी लावते. दिवसभर कुरिअरची पाकिटं वाटून, कॅन्टीनमध्ये कपबशा विसळून किंवा चार घरची धुणीभांडी उरकून आलेल्या मुलामुलींच्या पोटात कावळे ओरडत असतात. अशा वेळी बीजगणित डोक्यात शिरणार कसं?

निकिता केतकर यांनी सरकारी नोकरी सोडून २००८ मध्ये ‘मासूम’ ही संस्था काढली, ती याच विद्यार्थ्यांसाठी. संस्था वह्या-पुस्तकं देते, फिरती प्रयोगशाळा नेते, आणि पौष्टिक खाऊही देते. खरं तर खाऊच आधी मोजायला हवा.

प्रयोगशाळेची गोष्टही तशीच. रात्रशाळा बहुधा दिवसाच्या शाळेच्याच इमारतीत भरते, पण तिथल्या कपाटांच्या किल्ल्या तिच्याकडे असतीलच असं नाही. मग निळा लिटमस आम्लात तांबडा होताना एकदाही न पाहता मुलं विज्ञानाचा पेपर देतात!

२०१७ मध्ये शासनाने दिवसाच्या शाळेत नोकरी असलेल्या शिक्षकांना रात्रशाळांतून कमी केलं. दुबार नोकरीवरचा आक्षेप कागदावर बिनचूक असेलही. गणिताचे सर गेल्याची झळ मात्र वर्गालाच बसते.

दहावीनंतरचा टप्पा अधिक नाजूक. आयटीआयला जायचं तर दिवसाची ड्यूटी सुटते, म्हणजे पगारावर पाणी. त्या पगारातून घरचं भाडं जात असेल, तर मुलाला नुसतं समुपदेशन करून भागत नाही. त्याच्या आईवडिलांसमोर बसून दोन वर्षांचा हिशेब मांडावा लागतो.