रबराचे वय

जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाला नातेवाईक दोन हिशेब ऐकवतात. गाडी विकली तर किती येतील, हा पहिला. आणि तिच्यावर वर्षाला किती जातात, हा दुसरा. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळपास पोचला की गाडीवाला वेडा ठरतो. माझ्या धाकट्या भावाच्या लेखी मी २०२४ च्या मे महिन्यात वेडा ठरलो. गाडी १९९७ सालची मारुती आठशे, दोन लाख अडतीस हजार किलोमीटर धावलेली. बाजारात तिला पस्तीस हजारांच्या वर कोणी मागणार नाही. तिच्यावर मी एका महिन्यात साडेएकवीस हजार घातले. "दादा, एवढ्या पैशात..." असे सुरू करून त्याने बरेच सुनावले. मी ऐकून घेतले. त्याच्या हिशेबात माझी मुलगी धरलेली नव्हती.

तिला पणजीला नोकरी लागली होती. शनिवारी दुपारी बेळगावला यायचे आणि सोमवारी पहाटे परत. नवी गाडी घेण्याची ऐपत नाही, कर्ज काढायची तिची तयारी नाही. तेव्हा तिने आजोबांची गाडी मागितली. वाट जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ल्याचा घाट उतरून साखळीला निघते. आषाढात ज्यांनी तो घाट धुक्यातून उतरला आहे त्यांना मी काय सांगावे! गावातल्या गावात भाजी आणायला ही गाडी उत्तम होती, यात वाद नव्हता. पण पोटच्या पोरीला तिच्यात बसवून घाटाखाली पाठवायचे, तर 'चालते की अजून' एवढे पुरत नाही.

आमच्या मिस्त्रींचे गॅरेज उद्यमबागेकडे आहे. ते गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतात, हाताखालच्या पोरांशी कन्नडमध्ये आणि न निघणाऱ्या बोल्टाशी उर्दूत. मला वाटले होते, ते आधी इंजिनाला कान लावतील. त्यांनी बॉनेट उघडले आणि भाजीवालीकडची भेंडी मोडून बघावी तशी एकेक रबरी नळी चिमटीत दाबून पाहिली. मग गाडीखाली सरपटत गेले. तिथूनच आवाज आला, "सर, इंजिन झ्याक हाय. रबर मेलंय की ओ."

एवढ्या एका वाक्यात जुन्या गाडीचे सगळे शास्त्र आले. लोखंड किलोमीटरने झिजते, रबर वर्षांनी मरते. गाडी दारात उभी असली तरी ते मरतच असते. ऊन, तेल आणि हवा त्याला पुरतात. ब्रेकच्या होज पायपांना बारीक भेगा गेल्या होत्या. पुढच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या ॲक्सलच्या सांध्यांवर जे घडीचे रबरी बूट असतात, त्यातला उजवा फाटून आतले ग्रीस बाहेर उडाले होते. पेट्रोलची रबरी नळी कडक झाली होती. टायरांवर नक्षी भरपूर शिल्लक होती, म्हणून मी निश्चिंत होतो. मिस्त्रींनी टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. २३१६. म्हणजे २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. आठ वर्षांचे रबर ओल्या घाटात किती धरील, हे नक्षीवरून कळत नाही. चारही टायर नवे घेतले. खर्चातला मोठा वाटा तोच.

पण मला खरी धास्ती घातली ती ब्रेक ऑइलने. नाव ऑइल, पण ते तेल नव्हे. ते हवेतला ओलावा शोषून घेते, आणि आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात तर विचारूच नका. नवे असताना साध्या प्रतीचे ब्रेक ऑइल २०५ अंशांच्या पुढे उकळते. पुरेसे पाणी प्याले की तेच १४० च्या आसपास उकळू लागते. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. घाटात मात्र उतारभर ब्रेकवर पाय ठेवला की चाकाजवळची उष्णता त्यात उतरते, पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. म्हणजे पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी ते बदलावे, एवढ्याचसाठी. जुने काढले तेव्हा काळ्या चहासारखे निघाले. मिस्त्रींनी ते बाटलीत धरून मुलीला दाखवले आणि सांगितले, "ताई, ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा. ब्रेक शेवटी." ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला हे कोणी सांगितलेले नव्हते.

टायमिंग बेल्टचा निकाल बाबांच्या वहीने लावला. बाबा हयात असेपर्यंत तारीख, किलोमीटर, काय बदलले आणि किती पडले, हे सगळे दोनशे पानी वहीत लिहीत. कन्नडमधली बिले तिथेच चिकटवीत. बेल्ट २०१५ मध्ये, एक लाख चौऱ्याऐंशी हजारांवर बदलल्याची नोंद सापडली. हा बेल्ट कुरकुरत नाही, पूर्वसूचना देत नाही. तुटतो तेव्हा इंजिन जागच्या जागी बंद पडते. तिथवर उघडलेच होते, म्हणून त्याचा टेन्शनर आणि क्रँकचे ऑइल सीलही बदलून घेतले, कारण खरी मजुरी उघडण्याचीच असते आणि सीलमधून गळणारे तेल नव्या बेल्टालाही खाते. मारुती आठशेचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी याच जातीचे इंजिन ओम्नीत पुढेही काही वर्षे येत राहिले. त्यामुळे सुटे भाग मिळतात. डुप्लिकेटही तितक्याच उत्साहाने मिळतात. दाराच्या हँडलला डुप्लिकेट चालते. ब्रेकला नाही.

माझा उत्साह वाढत चालला तसे मिस्त्रीच मला आवरू लागले. क्लच प्लेट? "साकु, अजून वर्ष काढतंय." कार्ब्युरेटर? नुसता साफ केला. डाव्या ॲक्सलचा बूट शाबूत होता, तो ठेवला. डाव्या दाराची खडखड तर त्यांनी ऐकूनही न ऐकल्यासारखी केली. चांगला मिस्त्री काय बदलतो त्यापेक्षा काय बदलू देत नाही, त्यावर ओळखावा असे माझे मत आहे. एक बिजागिरीचा बुश कुठेच मिळेना, तो शेजारच्या लेथवर अर्ध्या तासात कातून आणला. फाउंड्र्या आणि लेथ यांच्या गावात राहण्याचा हा एक फायदा.

भाऊ म्हणतो, एवढे बदलल्यावर बाबांची गाडी उरली कुठे? आमच्या जुन्या घराची कौले दर वैशाखात चाळली जात. फुटकी काढून नवी घातली जात. पन्नास वर्षांत बहुतेक सगळीच बदलली असतील. घर कोणाचे, असे त्यानेही कधी विचारले नाही.

पावसाळा नीट गेला. वही आता मुलीकडे आहे. बाबांच्या बारीक अक्षराखाली तिचे ऐसपैस अक्षर सुरू झाले आहे. रेडिओ मोठ्याने लावायची तिची सवय गेली, कारण गाडी ऐकावी लागते. दसऱ्यानंतरच्या सोमवारी साखळीला पोचल्यावर तिने फोन केला.

"बाबा, वळताना पुढून टिक-टिक आवाज येतोय. सरळ जाताना नाही."

"कुठल्या वळणाला?"

"उजव्या. डावीकडे वळताना काही नाही."

उजव्या वळणाला भार डाव्या चाकावर येतो. तिला सावकाश जायला सांगितले आणि मिस्त्रींना फोन लावला, शनिवारपर्यंत डाव्या बाजूचा जॉइंट आणून ठेवा म्हणून.