लकडगंजातला साग, मुंबईची 'सुहेली'

आज नागपूरच्या लकडगंजातल्या लाकूडबाजारात सागाच्या ताज्या भुशाचा वास आला आणि 'सुहेली' आठवली. विल्यम ॲटकिनच्या 'एरिक' आराखड्यावरून मुंबईत सागवानात बांधलेली ही 32 फुटी शिडाची नाव. दोन्ही टोकं निमुळती, म्हणून मागून येणारी लाट दुभंगते. लांब, जड कण्यामुळे ती दिशा धरून चालते. वेग बेताचा, भरवसा मोठा. 1968-69मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिच्यातून 312 दिवसांत, एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिलेच. सागातलं तेल लाकूड सहसा कुजू देत नाही. आलापल्लीच्या सागाकडे आता मला नुसतं दारं-खिडक्यांचं लाकूड म्हणून पाहवत नाही. वाकसाने फळ्या तासणाऱ्या मुंबईच्या त्या सुतारांनाही या विक्रमाचं श्रेय मिळायला हवं.