दक्षिणेकडची वात

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कणकेचा दिवा घेऊन बायको दाराबाहेर आली आणि थबकली. दक्षिण कुठे? आमच्या इमारतीत जिना वळत वळत वर येतो, घरांची दारं कोनात बसवलेली, सूर्य कुठल्याच खिडकीतून पुरता दिसत नाही. शेजारचा शाळकरी मुलगा फोनमधलं होकायंत्र उघडून मदतीला आला. काटा बराच वेळ डुलत राहिला आणि मग लिफ्टच्या दाराकडे स्थिरावला. वात तिकडे करून दिवा ठेवला. मुलगा म्हणाला, "काका, माझी आजी तर दक्षिणेकडे वात करू देत नाही." आज करायची, म्हटलं, आजचा दिवा यमाचा. "मग तो आज येतो का आपल्याकडे?"

त्याला काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही. पण तो प्रश्न दिवाळीभर माझ्या मागे राहिला. खरंच, सणांतल्या सर्वांत उजळ सणात यमाला आपण किती जागा दिली आहे! त्रयोदशीला त्याचा दिवा, चतुर्दशीला अभ्यंगानंतर यमतर्पण आणि शेवटी त्याच्या नावाची द्वितीया. कंदील, रांगोळ्या, चकल्यांचे डबे, आणि या सगळ्याच्या आगेमागे तो उभा. दीपदानातलं मागणंही मला फार आवडतं. मरण नको असं त्यात म्हटलेलं नाही. अपमृत्यू नको, अवेळी नको, एवढंच. ज्यांनी हे मागणं पहिल्यांदा मागितलं त्यांना आपली ऐपत ठाऊक होती.

रेड्यावर बसलेला, हातात पाश घेतलेला यम मला कधी आपला वाटला नाही. त्याहून जुना यम वाटतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तो शिक्षा देणारा नाही. तो वाट शोधणारा आहे. मरणाची वाट त्याने सर्वांच्या आधी चालून पाहिली. अथर्ववेद तर त्याला मर्त्यांमध्ये पहिला मेलेला म्हणतो. पहिला गेला म्हणून मागून येणाऱ्यांचा राजा झाला. त्याच्या दाराशी चार डोळ्यांचे दोन कुत्रे आहेत, एक काळसर, एक ठिपक्यांचा. त्यांना चुकवून नीट आत जा, असं गेलेल्या माणसाला बजावलेलं आहे. मला या सांगण्यात माया दिसते. अनोळखी गावी निघालेल्या पोराला वेशीवरच्या कुत्र्यांविषयी सांगावं, तशी.

आजोबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. वाईचं घर, माजघरात कायमचा अंधार, मागच्या दाराने चालत गेलं की कृष्णेचा घाट. आजोबांना दमा होता. माझ्या आठवणीत ते आडवे झोपलेले नाहीतच. भिंतीला तक्क्या, तक्क्याला पाठ, मांडीवर एक उशी आणि त्या उशीवर कोपरं टेकून रात्र काढायची. हिवाळ्यात त्यांच्या छातीचा आवाज आम्हाला शेजारच्या खोलीत ऐकू यायचा. आजी उठून अडुळशाचा काढा करायची. चुलीवर पाणी ठेवल्याचा, मग पानं चुरल्याचा, मग पितळी भांड्यात गाळल्याचा आवाज. ते ऐकत आम्ही पुन्हा झोपून जायचो. ते गेले तेही बसल्या बसल्याच, पहाटे.

जिथे ते बसायचे तिथे त्या रात्री आत्याने जमीन सारवली, वर पीठ पसरलं, बोटांनी सारखं केलं, मधोमध पणती ठेवली आणि वेताची टोपली पालथी घातली. सकाळी टोपली उचलायची. पिठावर ज्याची पावलं उमटतील त्या जन्माला माणूस गेला. मला रात्रभर झोप नाही. टोपलीखाली काय चाललं असेल याची भीती होती, आणि काहीच चाललं नसेल याची त्याहून जास्त.

सकाळी सगळे ओणवे झाले. आत्याला पाखराची नखं दिसली. धाकट्या काकांना मुंग्यांची ओळ दिसली, पण ते तसं बोलले नाहीत. म्हणाले, हो, पाखरूच. शेजारच्या काकूंना गाईचं खूर दिसलं आणि त्यांनी हात जोडले. मला खरोखर एक बारीक तीन रेघांची खूण दिसली होती, आजही दिसते. आजी मात्र वाकलीच नाही. ती दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. म्हणाली, "कुठं का गेले असेनात. तिथं दम लागत नसेल ना?"

कुणी काही बोललं नाही. दुपारी गुरुजी आले तेव्हा तिने त्यांनाही तेच विचारलं. गुरुजी वयस्कर होते, सावकाश बोलायचे. त्यांनी तिला गरुडपुराणातली गोष्ट सांगितली. जुना देह गेला, आजी. तो दमा त्याच्याबरोबर जळाला. आता रोजच्या पिंडाने नवा देह घडतो, हातभर लांबीचा. पहिल्या दिवशी डोकं, दुसऱ्या दिवशी मान आणि खांदे, तिसऱ्या दिवशी हृदय, मग पाठ, बेंबी, कंबर, मांड्या, गुडघे, नवव्या दिवशी पावलं. आणि दहाव्या दिवशी? दहाव्या दिवशी तहान आणि भूक. म्हणून तर कावळ्याची वाट बघायची.

आजीने एवढं सगळं ऐकून एकच गोष्ट धरली. "म्हणजे छाती तिसऱ्या दिवशी."

तिसऱ्या दिवशी पहाटे चुलीवर पाणी ठेवल्याचा आवाज आला. मग पानं चुरल्याचा. मी अंथरुणात होतो आणि क्षणभर मला वाटलं की आजोबा आहेत. तिने काढा गाळून एका लहान बाटलीत भरला, बूच लावलं आणि वडिलांच्या हातात दिला. म्हणाली, "पिंडाशेजारी ओता. आजच घडतेय, आजच लागू पडेल." वडील शास्त्राचे विद्यार्थी, बँकेत नोकरीला, त्यांचा पिठावर विश्वास नव्हता, पिंडावरही फारसा नसावा. पण ती बाटली त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. घाटावर गुरुजींनी एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे, आणि दर्भ बाजूला करून जागा करून दिली. काढा दगडावरून ओघळून पाण्यात गेला. त्याचा वास मला आला, म्हणजे मी तिथे होतो. लहान मुलांना नेत नाहीत तरी मला कुणी नेलं असावं.

त्या दहा दिवसांत आमच्या घरात आजोबा एकाच वेळी किती ठिकाणी होते! ते पाखरू झाले होते. ते हातभर लांबीचे होऊन घाटावर घडत होते. उंबऱ्याशी होते, म्हणून तिथे पाण्याचा तांब्या होता. यमाच्या वाटेवर होते, ती वाट वर्षभराची, मध्ये वैतरणी. पोथी बंद झाली की आत्या म्हणायची, सुटले, वैकुंठाला गेले. पुढे चुलतभावाला मुलगा झाला, त्याच्या कानाची पाळी तशीच निघाली, तेव्हा ते परतही आले. घरात बी.एस्सी. झालेले होते, वकील होते, वारी करणारे होते. या साऱ्याची एकमेकांशी गाठ कशी घालायची, असं कुणी विचारलं नाही. त्या वेळी मला ते गोंधळाचं वाटे. आता मला त्याच गोंधळाचा आधार वाटतो. मेल्यावर काय होतं याचं एकच, स्वच्छ, शेवटचं उत्तर हातात घेऊन जो येतो त्याच्यासमोर मी आवरून बसतो. त्या घराने सगळी उत्तरं शेजारी शेजारी ठेवली होती, कारण गेलेल्या माणसाची सोय कुठल्याही एका ठिकाणी होईल याची कुणालाच खात्री नव्हती आणि त्याची गैरसोय कुणालाच चालणार नव्हती.

कठोपनिषदात नचिकेता यमाच्या दाराशी तीन रात्री उपाशी बसतो आणि नेमकं हेच विचारतो: माणूस गेल्यावर उरतो की नाही? यम त्याला हत्ती देतो, घोडे देतो, सोनं, हवं तेवढं आयुष्य, रथावर बसलेल्या अप्सरा देतो. हे सोडून काहीही माग. याविषयी पूर्वी देवांनाही शंका होती, असंही सांगतो. पुढचं तत्त्वज्ञान थोर आहे, पण मी पुन्हा पुन्हा या जागेवर येऊन थांबतो. ज्याचं ते घर, ज्याचा तो कारभार, तोच पहिल्यांदा म्हणतो, हे विचारू नकोस.

भीती मात्र विचारूनच राहते. ती माझ्याकडे रात्री तीनच्या सुमाराला येते. मी नसेन आणि कृष्णेला पाणी असेल, हे वाक्य मनात पुरं होण्याच्या आधीच छातीत कळ उठते. एपिक्युरस म्हणाला होता, आपण आहोत तोवर मरण नाही, मरण आलं की आपण नाही, मग भ्यायचं कशाला? दिवसा मला हे पटतं. अर्नेस्ट बेकर नावाच्या अमेरिकन विचारवंताने १९७३ साली एक अख्खं पुस्तक लिहून दाखवलं, की माणसाची सारी संस्कृती मरण नाकारण्याच्या धडपडीतून उभी राहते. १९७४च्या मार्चमध्ये, वयाच्या ४९व्या वर्षी, तो कर्करोगाने गेला. पुलित्झर पारितोषिक त्यानंतर दोन महिन्यांनी मिळालं. मरणाआधी रुग्णालयात तो एका मुलाखतकाराशी याच विषयावर बोलला. ती मुलाखत वाचताना मला त्याच्या सिद्धान्तापेक्षा त्याचा थकलेला, नम्र सूर जवळचा वाटला.

आणि विनोबा. १९८२च्या नोव्हेंबरात पवनारला त्यांनी अन्न आणि औषध घेणं थांबवलं आणि १५ तारखेला, ऐन दिवाळीत, देह ठेवला. त्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. पण मला ते जमणार नाही, आणि माझ्या माणसांनाही जमू नये असं वाटतं. माझ्या माणसांनी शेवटपर्यंत काढा मागावा.

श्राद्धात तीनच पिढ्यांची नावं घेतात: वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. नवा माणूस पितरांत आला की सगळे एकेक पायरी वर सरकतात आणि वरचा नावानिशी हाक मारण्याच्या पलीकडे जातो. यात कठोरपणा आहे असं पूर्वी वाटायचं. आता वाटतं, ज्याने हे ठरवलं त्याने आठवणीची लांबी बरोबर मोजली होती. पणजोबांच्या वडिलांना दमा होता का, हे आमच्यात कुणाला माहीत आहे?

मैत्रायणी संहितेत यमाच्या बहिणीची, यमीची, गोष्ट आहे. यम मेला. देव तिला समजवायला गेले, तर ती एवढंच म्हणे, आज मेला तो. केव्हाही विचारा, आज मेला. कारण तेव्हा नुसता दिवस होता, रात्र नव्हतीच. देव म्हणाले, अशाने ही विसरायची नाही, आपण रात्र करू. त्यांनी रात्र केली, मग उद्या झाला, मग यमी विसरली. शोकाविषयी याहून खरं मी काही वाचलेलं नाही. पण शेवट मला मान्य नाही, आणि आपल्या लोकांनाही तो मान्य झाला नसावा. त्यांनी पुढे यमीची यमुना केली आणि द्वितीयेला यमाला तिच्या घरी जेवायला बोलावलं. ती विसरलेली नाही, ती स्वयंपाक करते आहे. त्या जेवणावर खूश होऊन यम वर देतो, की आजच्या दिवशी जो बहिणीच्या घरी जेवेल त्याला माझं भय नाही.

माझी ताई मिरजेला असते. भाऊबीजेला तिच्याकडे पोचेस्तोवर दुपारचे दोन वाजतात आणि ती तोवर उपाशी थांबते, कितीही सांगितलं तरी. यंदा बासुंदी होती. ओवाळून झाल्यावर मी तिला ही यमीची गोष्ट सांगायला लागलो, तर ती म्हणाली, "आधी जेव. पुऱ्या गार होतायत."