वरणफळांची संध्याकाळ

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरात संध्याकाळी सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणता? आमच्या घरी तो एकच होता. "आई, जेवायला काय आहे?" मी विचारायचो, बाबा विचारायचे, ताईसुद्धा पुस्तकातून मान वर करून विचारायची. आई मात्र हा प्रश्न कुणालाच विचारत नसे. विचारणार तरी कुणाला?

मी सातवीत होतो तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात. काळी माती, कपाशीची शेतं, मधूनमधून तुरीच्या ओळी. दिवाळी झाली की शेतातल्या मारुतीपुढं रोडग्यांचा स्वयंपाक व्हायचा. तुमच्यापैकी जे विदर्भातले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. जाडसर दळलेली कणीक तेल-मीठ घालून घट्ट भिजवायची. तिच्या लहान लहान पुऱ्या लाटून, तेलाचा हात लावून एकावर एक ठेवायच्या. मग त्या सगळ्या एका मोठ्या पुरीत गुंडाळून गोळा करायचा आणि तो गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचा. भाजला की राख झटकून फोडायचा आणि वर तुपाची धार! सोबत गरम वरण आणि वांग्यांची झणझणीत भाजी. आहाहा!

आता यातली गंमत पाहा. हा सगळा स्वयंपाक आमच्या गावात पुरुष करायचे. बाबा कणीक मळायचे, काका गोवऱ्या रचायचे, शेजारचे आजोबा वांगी चिरायचे. काका तर काम करता करता बकासुराची गोष्ट रंगवून सांगायचे. आमच्याच तालुक्यातलं केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं आमच्याकडची मंडळी मानतात. तिथंच भीमानं गाडाभर अन्न फस्त करून बकासुराला लोळवलं म्हणे. मग रोडगे फोडताना काका म्हणायचे, "पाहा रे पोरांनो, असा रोडगा बायांले नाही जमत!"

सगळे हसायचे. मीही हसायचो. आई आणि काकूही हसायच्या, पण जरा कमी.

दोन-अडीच महिने गेले. पौषातले दिवस होते. कपाशीचा वेचा जोरात सुरू होता. आई सकाळी पाचला उठायची, भाकरी-भाजी-वरण करून शेतावर जायची. दिवसभर वाकून वाकून कापूस वेचायचा. बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी बोटांना ओरखडे पडायचे. ती घरी यायची दिवेलागणीला. बाबा त्या दिवशी कापसाची गाडी घेऊन गेले होते, ते उशिरा येणार होते. ताईची दहावीची सराव परीक्षा दुसऱ्या दिवसापासून होती. आणि मी? मी ओसरीवर बसून पाय हलवत होतो. मला भूक लागली होती.

आई आली. मी लगेच विचारलं, "आई, जेवायला काय आहे?"

"करते रे बाप्पा," असं म्हणून ती चुलीपुढं बसली. चूल पेटवली, पिठल्यासाठी गंज ठेवला. थोड्या वेळानं मला करपल्याचा वास आला. आत जाऊन पाहतो तर गंजातून धूर निघतोय आणि आई भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली आहे. एका हातात पळी तशीच होती. दुसऱ्या हाताची बोटं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. त्यांवर बारीक बारीक काळ्या रेघा होत्या.

ताईनं पटकन गंज उतरवला. मग ती माझ्याकडं पाहून हळूच म्हणाली, "उद्या माझा गणिताचा पेपर आहे. आज तू कर."

"मी? मला कुठं येतं?"

"सकाळचं वरण उरलंय. मी सांगते, तू कर. वरणफळं."

ताई दाराशी पुस्तक घेऊन बसली आणि तिथूनच सूचना देऊ लागली. मी कणीक भिजवली. ती आधी पातळ झाली, मग पीठ घालून घट्ट झाली, मग पुन्हा पातळ झाली. पोळी लाटली ती भारताच्या नकाशासारखी. सुरीनं तिचे तुकडे केले आणि घाईघाईत सगळे एकदम वरणात टाकून दिले. वरणाला अजून उकळीही आली नव्हती! झालं, सगळ्या फळांचा मिळून एक मोठा गोळा. ताईनं कपाळावर हात मारला. पण भूक लागली होती, आणि दुसरं काही करायला वेळ नव्हता. मी तो गोळा पळीनं तोडून तोडून शिजवला.

मग मी आईला उठवलं आणि तिच्यापुढं ताट ठेवलं. ती आधी ताटाकडं पाहत राहिली. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मी विचारलं, "कसं झालं?"

"मीठ थोडं कमी हाये," आई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण आज मले कोणीतरी वाढून देल्लं."

दोस्तांनो, मला एकदम आठवलं, की मी आईला आयत्या ताटावर बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं. ती नेहमी शेवटी जेवायची, स्वतःच वाढून घेऊन.

त्यानंतर वेच्याचे दिवस संपेपर्यंत आठवड्यातून दोन संध्याकाळी स्वयंपाक माझ्याकडं आला. तिसऱ्या वेळी फळं सुटी झाली. चौथ्या वेळी मीठही बरोबर पडलं. एकदा काका आले आणि मला चुलीपाशी पाहून म्हणाले, "काय रे, पोरगा असून सैपाक करतं?" मी म्हटलं, "काका, मंग रोडगे कोण करते?" काका हसले, पण त्यांना उत्तर काही सुचेना. बाबा तिथंच बसले होते. ते उठले, विळी घेतली आणि गुपचूप कांदे चिरायला बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कांद्यामुळंच, असं त्यांनी सांगितलं!

मुलग्यांनी स्वयंपाक करायचा म्हणजे काहीतरी जगावेगळं, असं तुम्हाला वाटतं का? मग आपल्याच गोष्टी आठवून पाहा. बकासुराला मारणारा तोच भीम अज्ञातवासात विराट राजाच्या मुदपाकखान्यात बल्लव या नावानं आचारी झाला होता. आणि नळराजा? त्याची दमयंती आपल्या विदर्भाची राजकन्या. तिच्या माहेरचं कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीच्या पलीकडच्या काठावरचं, अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर, असं मानतात. नळ रूप बदलून सारथी म्हणून आला, तेव्हा दमयंतीनं त्याच्या हातचा पदार्थ मागवून चाखला आणि चवीवरून आपला नवरा ओळखला! उत्तम स्वयंपाकाला 'नळपाक' म्हणतात ते उगीच नाही.

फार जुन्या गोष्टी नकोत? मग आमच्या जिल्ह्यातलं सेवाग्राम घ्या. शाळेच्या सहलीत आम्ही तिथं गेलो होतो. महात्मा गांधी १९३६ साली इथं राहायला आले तेव्हा या खेड्याचं नाव शेगाव होतं. १९४० साली ते सेवाग्राम झालं. १९३७ सालच्या ऑक्टोबरच्या २२ आणि २३ तारखेला वर्धा शहरात एक शिक्षण परिषद भरली होती. मुलांनी हातानं काम करता करता शिकावं, असा विचार गांधीजींनी तिथं मांडला. तो विचार पुढं नेण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. हेच पुढं १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. या शिक्षणाचं नाव 'नयी तालीम'. आशादेवी आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम् या पतिपत्नींनी सेवाग्रामला तशी शाळा चालवली.

या शाळेत सूतकताई होती, शेती होती, सफाई होती आणि स्वयंपाकसुद्धा होता. मुलगे आणि मुली, दोघांनाही! इतक्या माणसांना धान्य किती लागेल, खर्च किती येईल, हे झालं गणित. कशातून शरीराला काय मिळतं, हे झालं विज्ञान. गडचिरोलीत आरोग्याचं मोठं काम उभं करणारे डॉ. अभय बंग याच शाळेत शिकले. 'माझी जादुई शाळा' म्हणून त्यांनी तिच्याबद्दल लिहिलंही आहे. २००५ साली त्याच परिसरात आनंद निकेतन ही शाळा सुरू झाली. तिथंही स्वयंपाक हा शिकण्याचाच भाग आहे.

तर आता आपणही एक धडा घेऊ या. चार माणसांची वरणफळं. लिहून घ्या हं!

एक वाटी तुरीची डाळ धुऊन, अडीच वाट्या पाणी आणि चिमूटभर हळद घालून कुकरमध्ये मऊ शिजवा. सकाळचं वरण उरलं असेल तर प्रश्नच नाही. दीड वाटी कणकेत मीठ, चिमूटभर ओवा आणि चमचाभर तेल घालून घट्ट भिजवा. पोळीपेक्षा जरा जाड लाटा आणि शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापा. नकाशा झाला तरी चालतो, तुकडे शेवटी सारखेच दिसतात! मोठ्या गंजात दोन चमचे तेल तापवून मोहरी, जिरे, ठेचलेल्या सहा-सात लसूणपाकळ्या, कढीपत्ता आणि हिंग यांची फोडणी करा. घरच्या चवीप्रमाणं तिखट घाला आणि लगेच घोटलेलं वरण ओता. त्यात चार-पाच वाट्या पाणी, मीठ, गुळाचा छोटा खडा आणि थोडा चिंचेचा कोळ. वरण पातळच दिसलं पाहिजे, कारण फळं शिजताना ते दाट होतं.

आता माझी चूक तुम्ही करू नका. वरण खळखळून उकळू द्या आणि मगच फळं एकेक करून सोडा. का? उकळत्या वरणात पडताच कणकेच्या तुकड्याचा बाहेरचा थर चटकन शिजतो, त्यामुळं तुकडे सुटे राहतात. कोमट वरणात कच्ची कणीक नुसती भिजते आणि एकमेकींना चिकटून बसते. मधूनमधून हलवत दहा-बारा मिनिटं शिजवा. एक फळ तोडून पाहा, आत कच्चं पांढरं पीठ दिसलं नाही की झालं. वरून तूप आणि कोथिंबीर.

दिसायला साधा पदार्थ, पण हुशार आहे बरं का! गव्हाच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत मेथिओनिन कमी, ते गहू भरून काढतो. दोघांची जोडी जमते. तूर आमच्या शेतातली, आणि हळदसुद्धा जिल्ह्यातलीच. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

कुकर, गॅस आणि फोडणी, या तीन कामांच्या वेळी मोठं माणूस जवळ हवंच. सुती कपडे घाला, भांडं पकडीनं किंवा जाड फडक्यानं धरा आणि कुकरची वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकणाला हात लावू नका.

सुट्टीत मावसभावंडं आली, आठ-दहा जणांचा मेळा जमला, तरी घाबरू नका. प्रमाण दुप्पट करा आणि कामं वाटून घ्या. एकानं कणीक भिजवायची, दुसऱ्यानं लाटायची, तिसऱ्यानं कापायची. अगदी लहानग्यांना कच्चा चिवडा कालवायला द्या. त्याला विस्तवच लागत नाही. मुरमुरे, कच्चं तेल, तिखट, मीठ, भाजलेले शेंगदाणे आणि बारीक चिरलेला कांदा, बस! शेवटी सगळे मिळून अंगतपंगत करा. आणि वर्ध्याहून कुणी येणार असेल तर गोरसपाक आणायला सांगा. तुपातला तो खुसखुशीत गोडवा जेवणानंतर फार छान लागतो.

फक्त दोन गोष्टी विसरू नका. स्वयंपाक करणाऱ्यानं ओटा आणि भांडीही आवरायची. नाहीतर आईचं काम कमी होत नाही, नुसतं उशिरा सुरू होतं. आणि आईला पहिल्या पंगतीत बसवायचं.

आता मी मोठा झालो. माझ्या घरी गॅस आहे, कुकर आहे, सगळं आहे. अजूनही आठवड्यातून एकदा मी वरणफळं करतो. आई आमच्याकडं असली की पहिलं ताट तिचं. आजही ती पहिला घास घेते आणि म्हणते, "मीठ थोडं कमी हाये." खरं तर मीठ बरोबर असतं. मी मुद्दाम चाखून पाहिलेलं असतं. पण ती तसं म्हणते, आणि आम्ही दोघंही हसतो.

या रविवारी तुम्ही करून पाहाल ना? आणि संध्याकाळी तो नेहमीचा प्रश्न या वेळी आईला विचारू द्या. "काय रे, जेवायला काय आहे?"