अँटवर्प : आप्तांचे गाव, परका देश

बेल्जियममधील अँटवर्प हे स्केल्ट नदीकाठचे बंदर. १९०५ साली खुल्या झालेल्या तेथील भव्य मध्यवर्ती रेल्वे स्थानकातून बाहेर पडले की काही पावलांवर हिऱ्यांची पेठ लागते. पालनपूरची अनेक जैन कुटुंबे या व्यापारानिमित्त येथे स्थिरावली. विल्रेक उपनगरात संगमरवरी जिनालय उभे राहिले. त्यामुळे मुलाच्या वा पुतण्याच्या घरी निघालेल्या वडीलधाऱ्यांना हा देश परका वाटत नाही. मात्र हाच आपलेपणा पुष्कळदा गाफील ठेवतो. घर आप्तांचे असले, तरी कायद्याच्या लेखी येणारा प्रत्येक जण परदेशी पाहुणाच असतो.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो किमान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, दोन कोरी पाने असलेला आणि परतीनंतर किमान तीन महिने वैध असावा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा.

व्हिसावरील दोन नोंदी नीट वाचाव्यात. वैधतेचा कालावधी आणि राहण्याचे दिवस या भिन्न गोष्टी आहेत. वैधता दोन महिन्यांची दिसली, तरी मुक्काम वीसच दिवसांचा मंजूर असू शकतो. एकूण मर्यादाही कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांचीच. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे व छायाचित्र घेऊन संगणकीय नोंद ठेवण्यास टप्प्याटप्प्याने आरंभ झाला आहे. मोजणीतील एका चुकीमुळे नातवंडांना पुन्हा भेटण्याची वाट अडू शकते.

नातलगांकडे उतरणाऱ्यांसाठी आणखी एक नियम आहे. हॉटेलात न राहणाऱ्या पाहुण्याने पोहोचल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत स्थानिक नगरपालिकेत आगमनाची नोंद करावयाची असते. यजमानाने खर्चाची हमी घेतली असल्यास त्या हमीपत्राची प्रत, परतीचे तिकीट आणि घराचा पत्ता हातातील पिशवीत ठेवावा. इंग्रजी न बोलणाऱ्या आजी-आजोबांना सीमेवरील प्रश्नांच्या वेळी हेच कागद आधार देतात.

सामान बांधताना प्रेमाला आवर घालावा लागतो. दूध व दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात बाहेरून आणण्यास प्रवाशांना मनाई आहे. म्हणजे पेढे, बर्फी आणि घरचे तूप घरीच राहिलेले बरे. १०,००० युरो वा अधिक रोकड असल्यास ती घोषित करणे बंधनकारक आहे. ‘एवढे पाकीट तेवढे पोहोचवा’ अशी विनंती व्यापारी घरांत सहज होते. व्यापाराचा माल मात्र वैयक्तिक सामानात गणला जात नाही. तो घोषित न केल्यास नेणाराच दोषी ठरतो. येथे भिडेला जागा नसावी.

बेल्जियममध्ये फिरताना मुख्य धोका खिसेकापूंचा. ब्रुसेल्सच्या दक्षिण स्थानकावर आणि गर्दीच्या गाड्यांत पिशवी वरच्या फळीवर ठेवून डुलकी घेऊ नये. साध्या वेशात ‘पोलीस’ म्हणवून पाकीट तपासू पाहणाऱ्याच्या हाती ते देऊ नये. गणवेशातील पोलीस बोलवण्यास सांगावे. पोलिसांसाठी १०१, रुग्णवाहिका व अग्निशमनासाठी ११२ हे क्रमांक आहेत. ओळखपत्र जवळ बाळगणे तेथे सक्तीचे आहे. पासपोर्टची एक प्रत यजमानाच्या घरी आणि एक भारतातील घरी ठेवून मगच उंबरठा ओलांडावा.