आधी बाई बघ, मग शैली

किन्हवली, ता. शहापूर

चि. मंगल,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मनाला फार लागलं. गावच्या बायकांना योगाची शैली काय कळणार, पॉवर योगा घेते, घाम निघाला की खूश होतील! अगं, घाम काढायला इथल्या बाईला तुझा वर्ग कशाला हवा? भाताच्या आवणीला दिवसभर चिखलात ती कमरेतून वाकलेलीच असते. सगळ्यांत चांगली शैली कोणती, असं विचारतेस, पण ते समोरचं शरीर बघितल्याशिवाय ठरतच नाही. शैली मुळात अशाच घडल्या. म्हैसूरला योगगुरू कृष्णमाचार्यांपुढे तरणी, चपळ मुलं होती, म्हणून श्वासाच्या लयीवर आसनांची साखळी गुंफणारी दमदार पद्धत तिथे रुजली आणि पट्टाभी जोईसांनी ती पुढे नेली. त्याच गुरूंचे शिष्य अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले. पुढे आजारी, वयस्क, ताठरलेली माणसंही त्यांच्याकडे येऊ लागली, तेव्हा दोर, पट्टे, ठोकळे, खुर्च्या यांचा आधार देऊन प्रत्येकाला आसनात बसवणारी पद्धत त्यांनी घडवली. लोणावळ्याला कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं ते योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासायला. म्हणून तिथे घाईला थारा नाही; आसन सावकाश घ्यायचं, ताण न देता टिकवायचं.

तू म्हणशील, समोरची बाई बघून शैली बदलायची, अशी सरमिसळ म्हणजे परंपरेत भेसळ. मग एकाच गुरूंच्या दोन शिष्यांच्या दोन वाटा झाल्या, त्यातला भेसळीचा कोण? पतंजलींनी तर आसनावर जेमतेम तीन सूत्रं खर्ची घातली. त्यांना हवं होतं स्थैर्य आणि सुख, आसनांची यादी नव्हे. दुसरा आक्षेप गावातूनच येईल : राबणाऱ्या बाईला व्यायाम कशाला? पण राबणं एकाच दिशेचं असतं. पुढे वाकून आखडलेल्या कमरेला आणखी पश्चिमोत्तानासन देऊ नकोस. तिला हलकं भुजंगासन, शलभासन दे, मकरासनात पडू दे, आणि शवासन मुळीच आवरतं घेऊ नकोस. दिवसात तेवढाच वेळ तिचा स्वतःचा असेल. ठोकळे-पट्टे नाहीत म्हणून अडू नकोस. भिंत, घडी घातलेली गोधडी, जुनं लुगडं पुरतं. कुणी दुखतंय म्हणाली तर आसन तिथेच सोडवायचं, पुढे रेटायचं नाही.

मला खरी काळजी आहे ती तुझ्या उत्साहाची. चार महिन्यांचं प्रमाणपत्र हातात आलं की सगळ्यांना शीर्षासनात उभं करावंसं वाटतं. रक्तदाब वाढलेला असेल तर शीर्षासन नको, जोरकस कपालभाती नको. गरोदर बाईला तर कपालभाती अजिबात नको. इथल्या कित्येकींनी रक्तदाब कधी मोजूनच घेतलेला नसतो. म्हणून वर्गाच्या पहिल्या दिवशी कुणालाही वाकवू नकोस. एकेकीला जवळ बसवून काय दुखतं, कुठलं औषध चालू आहे, बाळंतपणं किती झाली, हे विचार आणि वहीत लिहून ठेव. पॉवर योगाचा फलक रंगवायला टाकला असशील तर आजच थांबव.

तुझी,
मावशी